जांभळ्यात सही चालत नाही

सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरते. यंदाही भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या स्कूटर, आणि गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी त्याच माणसांनी पुन्हा सुरू करायचा नेहमीचा विधी. त्या अर्ध्या तासात हजेरीचं रजिस्टर फिरत फिरत माझ्याकडे आलं. खिशाला शाईचं पेन होतं. मी सही केली आणि ओली आहे म्हणून पान न मिटता पुढे सरकवलं. रजिस्टर सेक्रेटरीकाकांकडे पोचलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. कागद हातात आला की त्यांचा चष्मा आपोआप नाकाच्या शेंड्यावर येतो. "ही सही कोणाची?" मी हात वर केला. "कोणती शाई ही?" "जांभळी." "ते दिसतंय मला. चालायची नाही. ऑडिटला जातं हे. खाली निळ्याने करा परत." मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "लेकीचं दप्तर उघडलंत वाटतं!" हशा पिकला. मीही हसलो, शेजाऱ्यांचं बॉलपेन मागून घेतलं आणि निळी सही केली. काकांनी जांभळीवर आडवी रेघ मारली. मग पिशवीतून स्टॅम्प पॅडची पत्र्याची डबी काढली, शिक्का पॅडवर दोनदा दाबला आणि सह्यांच्या खाली सोसायटीचा गोल शिक्का उमटवला.

शिक्का जांभळा होता.

कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही बोललो नाही. पुढचा विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता, त्यात माझ्याच बेडरूमचं छत अडकलेलं. अशा वेळी सेक्रेटरीला रंगशास्त्र शिकवणं परवडत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पान डोळ्यांपुढून हलेना. वर खोडलेली जांभळी सही, तिच्याखाली जांभळाच शिक्का, आणि त्या शिक्क्यानेच पान अधिकृत झालेलं. एकच रंग वर पोरकट आणि खाली सरकारी, हे कसं काय? "लेकीचं दप्तर" हे शब्द मला लागले होते का, तर थोडे लागले होते. खोटं कशाला बोला.

जांभळी शाई माझ्याकडे आली ती भाचीमुळे. तिला शायांचं वेड आहे. पगारातला किती भाग त्यात जातो हे तिच्या आईला कळू न देण्याच्या अटीवर ती मला तिचं कपाट दाखवते. मागच्या दिवाळीत तिने मला इवल्याशा बाटल्यांतून नमुने दिले आणि सोबत बिनसुईची एक सिरिंज. "मामा, आधी पेन धू. कोमट पाण्याने, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत. तुझ्या त्या पेनात पंधरा वर्षांची निळी शाई साचली असेल." साचली होतीच. स्टीलच्या वाटीत निब बुडवून शाई ओढणाऱ्या कन्व्हर्टरची खुंटी फिरवत बसलो, तर दर वेळी पाण्यात निळ्या रंगाचा एक नवा धागा सुटे. वाटी ओतली, पुन्हा भरली, पुन्हा धागा. निबखालच्या फीडच्या बारीक खाचांमध्ये शाई किती चिवटपणे बसते ते त्या दिवशी कळलं. शेवटी कापडावर निब टेकवल्यावर नुसता ओला डाग उठला, तेव्हा भाचीचं समाधान झालं.

मग जांभळी भरली. पहिली रेघ फिकी आली, कारण निबमध्ये पाणी शिल्लक होतं. दुसरी जरा बरी. तिसऱ्या ओळीला रंग खरा लागला आणि मी लिहायचा थांबून बघत बसलो. ओला असताना तो जवळजवळ काळा दिसतो. मग अक्षराच्या कडेने वाळत आत येतो, आणि वाळता वाळता त्यात कुठून तरी लाल चढतो. 'व'च्या पोटात, 'ळ'च्या वळणात, जिथे हात क्षणभर रेंगाळतो तिथे शाई साचून गडद होते. वेलांटीचा झपाटा मात्र फिकट राहतो. भाचीच्या मंडळींत याला शेडिंग म्हणतात. बॉलपेनाने चाळीस वर्षं लिहिलं तरी आपला हात कुठे थबकतो हे कागद सांगत नाही. इथे माझ्या सहीत आडनावाच्या आधीचा घोटाळा स्पष्ट दिसत होता. ऑफिसच्या झेरॉक्सच्या कागदावर मात्र शाई फुटली, अक्षरांना मुळं फुटल्यागत कडा पसरल्या. जाड, गुळगुळीत कागदाच्या वहीवर ती नीट बसली, फक्त वाळायला वेळ घेते, आणि मी वहीवर मनगट टेकून लिहिणारा. करंगळीखालचा तळवा तेव्हापासून कायम जांभळा आहे.

नमुना संपल्यावर पूर्ण बाटली घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलो. जून नुकताच लागला होता. गाईड आणि वह्यांच्या खरेदीला आलेल्या आयांची गर्दी, त्यात पावसाची पहिली सर, प्रत्येक दुकानाच्या शेडखाली माणसांचा थर. दुकानदाराने काचेच्या कपाटातून जपानी बाटली काढली. जाडजूड काच, आणि तळाच्या मध्याला एक खोलगट खळगा. शाई संपत आली की उरलेली त्या खळग्यात गोळा व्हावी आणि निबला पोचावी म्हणून. असली काळजी घेणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो. दुकानदाराने विचारलं, "गिफ्ट पॅक करू?" मी म्हटलं, "नको, मलाच हवीय." त्याने एकदा माझ्या केसांकडे पाहिलं आणि बिल केलं. येताना मंडईत द्रोणातली जांभळं घेतली, मीठ लावलेली. घरी आलो तेव्हा जीभ आणि पिशवी एकाच रंगाची होती.

शाईच्या रंगांना आपल्याकडे हुद्दा आहे. निळा विद्यार्थ्याचा आणि खातेदाराचा. काळा फॉर्मचा. लाल मास्तरांचा. हिरवा साहेबाचा. हे नुसते संकेत आहेत असंही नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयीन पद्धतीच्या नियमांत टिपणी निळ्या किंवा काळ्या शाईत लिहावी आणि हिरवी-लाल शाई सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांनीच क्वचित वापरावी, असं लिहिलेलं आहे. या उतरंडीत जांभळ्याला कुठेच जागा नाही. म्हणून मीही तो हौशी रंग धरून चाललो होतो. ग्रीटिंग कार्डाचा, चमकीच्या जेल पेनांचा, वहीच्या कोपऱ्यात फुलं काढणाऱ्या मुलींचा. पार्किंगमधला तो टोमणा मला लागला तो त्यामुळेच. मनातून मी टोमणा मारणाऱ्याच्याच बाजूचा होतो. शिक्क्याने घोळ केला नसता तर जांभळं पेन मुकाट्याने ड्रॉवरमध्ये गेलं असतं.

शिक्क्यावरून मला अण्णांचा खालचा ओठ आठवला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भवानी पेठेत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. रामोशी गेटपासून आत शिरलं की आधी नाकाला मिरची लागायची, मग डिझेल, मग ओल्या गोणपाटाचा वास. ट्रकच्या मागच्या फळ्या पडलेल्या, हमाल पाठीवर पोती घेऊन धावताहेत, आणि या सगळ्यात एका उंच टेबलाशी अण्णा उभे. बसलेले मी त्यांना तिथे फारसे पाहिलेच नाहीत. समोर बिल्टी बुक, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांचं पुस्तक. तीन प्रती, मध्ये दोन कार्बन: एक माल पाठवणाऱ्याला, एक ड्रायव्हरबरोबर, एक ऑफिसला. कानावर कॉपिंग पेन्सिल. पार्टी आली की पेन्सिल खाली यायची, तिचं टोक जिभेला लागायचं, मग खालच्या ओठावर जरासं घासलं जायचं आणि बिल्टीवर उतरायचं. 'कोल्हापूर, गूळ, २० रवे.' 'नगर, हार्डवेअर, ४ पेट्या, फुटीस जबाबदार नाही.' कोरडी असताना ती पेन्सिल राखाडी उमटायची, साध्या पेन्सिलीत आणि तिच्यात फरक कळायचा नाही. थुंकी लागली की अक्षर ओळीच्या मध्येच जांभळं व्हायचं. ओल संपली की पुन्हा राखाडी, मग पुन्हा जीभ. म्हणून अण्णांच्या प्रत्येक ओळीत रंग चढउतार करत जायचा. भाची ज्याला कौतुकाने शेडिंग म्हणते ते मी पहिल्यांदा तिथे पाहिलं होतं, फक्त कौतुक करायचं असतं हे माहीत नव्हतं.

खोडरबराने ते जात नसे. अण्णा म्हणायचे, यासाठीच देतात ही पेन्सिल. चारचे चौदा कोणी करू नयेत आणि केलेच तर दिसावेत. बॉलपेनं तोवर सगळीकडे आली होती, पण कंपनीने पेन्सिलींचे खोकेच्या खोके भरून ठेवलेले, ते संपेपर्यंत बॉलपेन मिळणार नव्हतं. संध्याकाळी घरी आले की ओठाच्या मधोमध जांभळी रेघ असायची. आई ताट वाढता वाढता म्हणायची, "अहो, आधी ओठ पुसा, मग जेवायला बसा." ते पुसायचे. जायची नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत थोडी फिकी व्हायची आणि सोमवारी पुन्हा. त्या रेघेची मला शाळेत लाज वाटायची. मित्रांचे वडील ऑफिसला जाऊन येताना तोंड रंगवून येत नसत.

त्या पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमातीबरोबर मिथाइल व्हायोलेट नावाचा रंग मिसळलेला असे. तोच रंग शिक्क्याच्या शाईत. तोच, जरा शुद्ध रूपात, लहानपणी तोंड आलं की महापालिकेच्या दवाखान्यातली नर्स कापसाच्या बोळ्याने लावायची त्या जांभळ्या औषधात: जेन्शन व्हायोलेट. ज्यांच्या जिभेवर ते कधी लागलंय त्यांना चव सांगायला नको, आणि ज्यांच्या लागलं नाही त्यांनी विचारू नये. गुडघा फुटला तरी तेच. आमच्या वाड्यात पावसाळ्यात एकही पोर अंगावर जांभळा ठिपका नसलेलं सापडायचं नाही. हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली जिवाणू ओळखण्याची जी रंगवण्याची पद्धत काढली, तिच्यात आजही पॅथॉलॉजी लॅबमध्ये हाच रंग वापरतात. जांभळे राहिले ते ग्राम पॉझिटिव्ह. मतदानाच्या बोटावरचा जांभळा तेवढा वेगळ्या घरचा. तो सिल्व्हर नायट्रेटचा, १९६२च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येणारा, आणि त्याचं काम उन्हात काळं पडण्याचं.

मुळात हा सगळा जांभळा एका फसलेल्या औषधातून निघाला. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत डांबरातल्या रसायनांपासून क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन हवं होतं हिवतापासाठी, आणि हिवतापाने हैराण होते ते आपल्यासारख्या देशांत राज्य करायला आलेले साहेब. क्विनाइन झालं नाही. भांड्याच्या तळाशी काळा चिखल राहिला. तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग सुटला आणि पोराने भांडं घासायचं सोडून पेटंट घेतलं. फार पूर्वी टिकाऊ जांभळा हवा असेल तर समुद्रातल्या हजारो गोगलगायी मारायला लागत, त्यामुळे तो रोमन बादशहांच्या झग्यापलीकडे फारसा गेलाच नव्हता. १८५८ साली व्हिक्टोरिया राणी मुलीच्या लग्नात जांभळट पोशाखात मिरवली. आणि १८६१ साली शार्ल लॉथ या फ्रेंच रसायनज्ञाने मिथाइल व्हायोलेट केलं, जे इतकं स्वस्त आणि इतकं रंगाळ होतं की पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बादशहांचा रंग कारकुनांच्या टेबलावर आला. तिथून पुढचं शतकभर तो तिथेच राबला. पत्राची नक्कल ठेवायची तर या शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवायचा, लोखंडी प्रेसमध्ये दाबायचा. उलटी छाप उठायची आणि कागद पातळ म्हणून मागच्या बाजूने सुलटी वाचता यायची. झेरॉक्सच्या दुकानाचे हे पणजोबा.

त्याआधीच्या युरोपातल्या शाईत मायफळ आणि हिराकस असायचं. मायफळ म्हणजे तेच, जे बाळगुटीत सहाणेवर उगाळून आजीने आपल्याला चाटवलेलं असतं. त्या शाईला आम्ल असल्यामुळे ती पोलादी निबा खायची. जांभळी तसं करत नव्हती, वर स्वस्त. म्हणून फ्रान्सच्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुलांनी जांभळ्या शाईनेच शुद्धलेखन लिहिलं, थेट १९६५ साली बॉलपेनला वर्गात अधिकृत परवानगी मिळेपर्यंत. म्हणजे तिकडे 'शाळेतली निळी शाई' हा प्रकार जांभळा होता. आपल्याकडे तसं झालं नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. अण्णांच्या शाळेत असल्याच गोळ्या पाण्यात विरघळवून दौती भरत आणि त्या निळ्या असत. फ्रान्समध्ये जन्मलो असतो तर पार्किंगमधला टोमणा वेगळा पडला असता, इतकंच.

हे सगळं वाचून झाल्यावर मला फार बरं वाटलं हे कबूल केलं पाहिजे. मी खांदे ताठ करून भाचीला फोन केला आणि सांगितलं की तुझी ही नाजूक शाई म्हणजे मुळात हमालांच्या गर्दीत उभं राहून लिहायची चीज आहे. ती म्हणाली, "मामा, तुझ्या बाटलीत मिथाइल व्हायोलेट आहे की आणखी काय, हे तुला कसं माहीत? टिपून बघ." तिने सांगितल्याप्रमाणे कॉफीच्या फिल्टरची पट्टी कापली, टोकापासून बोटभर अंतरावर शाईचा ठिपका दिला, टोक पाण्यात बुडवलं. पाणी चढत गेलं तसा ठिपका वर ओढला गेला आणि फाटला. गुलाबी पुढे पळाला, निळा मागे रेंगाळला, मधे कुठेही जांभळा उरला नाही. दुसऱ्या पट्टीवर सोसायटीच्या पॅडची शाई (ती मी काकांकडून नोटीस लावायच्या निमित्ताने बोटाला लावून आणली होती) दिली. ती जेमतेम सरकली आणि जांभळीची जांभळी राहिली. बोटावरही राहिली, तीन वेळा साबण लावून. तेव्हा माझ्या जपानी बाटलीचं आणि अण्णांच्या पेन्सिलीचं रक्ताचं नातं निघालं नाही. माझी जांभळी दोन रंगांची गोळाबेरीज होती, त्यांची एकसंध.

मला अण्णांचं बिल्टी बुक हवं झालं.

ते होतं. कंपनी बंद झाली तेव्हा अर्धं कोरं राहिलेलं एक बुक त्यांनी घरी आणलं होतं आणि उरलेल्या पानांवर आईने दुधाचा हिशेब लिहिला होता. पुठ्ठा कधीच गेलेला. जुन्या घरात खिडकीच्या फळीवर ते कितीतरी वर्षं पडून होतं, फोनखाली, नंतर फोन गेल्यावर नुसतंच. आता माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं. खिडकीवर उन्हाच्या तोंडी राहिलेली वरची पानं पाहून माझा विश्वास बसेना. जांभळा पार उडाला होता. जिथे जिभेचं ओलं टोक लागलं होतं तिथेही काही नव्हतं, फक्त ग्रॅफाइटची राखाडी रेघ शिल्लक, आणि तीही जिथे हात जोरात पडला तिथेच. खालची पानं सुरक्षित, राखाडी-जांभळी, ओळखीची. पण एका बाजूला कधीतरी पावसाचं पाणी उतरलं असावं. त्या कोपऱ्यात कोरडं राहिलेलं सगळं पेन्सिलीचं लिखाण एकदम जागं झालेलं. गडद, चकचकीत, आणि इतकं पसरलेलं की एक अक्षर लागत नाही. ऊन लागलं तिथे रंग गेला आणि मजकूर राहिला. पाणी लागलं तिथे रंग राहिला आणि मजकूर गेला. कातडीवरून आठवडाभर न हटणारा हा रंग कागदावर उजेडाला टिकत नाही, हे मी वाचलेलं होतं. वाचणं वेगळं.

तरी खात्री म्हणून मी खिडकीच्या काचेला एक कागद लावला: जपानी जांभळी, शिक्क्याची, साधी निळी, आणि भाचीने दिलेली एक काजळीची काळी, अशा चार ओळी, अर्ध्या पुठ्ठ्याने झाकलेल्या. पावसाने उघडीप दिली तेव्हा जे काही ऊन लागलं तेवढ्यावर दोन्ही जांभळ्या मलूल झाल्या. निळीचीही फार बढाई मारावी असं नाही. काजळी ढिम्म. ती हलणारच नव्हती, तो कोळसाच आहे. त्याला उडून जायला रंगच नाही. माझा एक मित्र मोडी वाचतो. त्याच्याबरोबर एकदा भारत इतिहास संशोधक मंडळात गेलो होतो, तेव्हा पेशवाईतली पत्रं जवळून पाहिली होती. बोरूने लिहिलेली, कागद तपकिरी पडलेला, कडांना कसर लागलेली, आणि शाई काल लिहिल्याइतकी काळी. 'तूप पाठविणे' असली काहीतरी किरकोळ बाब अडीचशे वर्षं ठणठणीत. आणि भवानी पेठेतला गूळ पन्नास वर्षांत दिसेनासा.

मग काय, काकांचं बरोबर होतं? अर्धं होतं. निळी किती दिवस टिकणार आहे हेही त्यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि ऑडिटर पाहतो त्या दिवसापुरता तर माझी जांभळीही टिकली असती. पण मी पुढच्या सभेला निळं बॉलपेनच घेऊन जाणार आहे. छताचं काम अजून व्हायचं आहे.

जांभळी आता घरच्या हिशेबाला. वाणी, भाजी, इस्त्री, कामवाल्या मावशींचे खाडे. बायकोला आधी हा चोचला वाटला होता. हल्ली तीच ते पेन उचलते आणि निब वाकडी धरते, मी बोलत नाही. पाच वर्षांनी मागच्या वर्षीच्या दोडक्याचा भाव फिका झाला तर कोणाचं काही अडणार नाही.

बिल्टी बुक मात्र मी काळीने उतरवून काढतोय. भाची म्हणाली, मामा, स्कॅन कर ना सरळ. स्कॅन केलंय. पण स्कॅनरला राखाडी रेघ जेवढी दिसते तेवढीच तो देतो, आणि अण्णांचा हात कुठे जोर देतो हे मला माहीत आहे, त्याला नाही. ज्या रंगाची बाजू घेऊन मी इतके दिवस भांडतोय त्यातच हे उतरवावं असं आधी वाटलं होतं. पेन हातात घेऊनही बसलो. पण ते टिकलं नाही तर पुन्हा कोण उतरवणार? पेनात काजळीची काळी शाई भरून बसतो, रोज जमेल तेवढी पानं. ही शाई पेनात वाळू दिली तर पेन कामातून जातं, म्हणून उठताना धुवायचं. बायको मोबाइलचा टॉर्च कागदाच्या कडेने आडवा धरते, म्हणजे पेन्सिलीने पडलेला खड्डा सावलीत उठतो. जिथे रंगही नाही आणि ग्रॅफाइटही नाही तिथे असं वाचावं लागतं. बरीच गावं लागली: बार्शी, लातूर, चिपळूण, दोनदा हुबळी. एका पार्टीचं नाव मी तीन वेगवेगळ्या प्रकारे वाचलंय आणि तिन्ही चूक असावीत.

सध्या आम्ही सोलापूरच्या एका बिल्टीवर अडकलोय. चादरींच्या गासड्या आहेत हे नक्की. किती, ते नाही. मी म्हणतो १, ती म्हणते ९. अण्णांचा एकचा आकडा शेपटी जास्त ओढलेला असायचा आणि नवाचं डोकं ते अर्धवट सोडायचे, त्यामुळे टॉर्च कसाही फिरवला तरी दोघांचंही खरं वाटतं. शेजारच्या रकान्यात हमालीची रक्कम शाबूत आहे. आधीच्या पानांवरून गासडीला काय दर लावत होते तेवढं काढलं की भागाकार करून बघायचा.